मोठ्या टेबलवर इंडेक्स करायचाय? चेंज रिक्वेस्ट अशी भरा

नवी मुंबईत महापेतल्या आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे तोंडी सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या, पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) टाकायला चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, लागते. टेबल लहान असेल तर टीम लीडची मंजुरी पुरते. कोट्यवधी ओळींचं असेल तर अर्ज आम्हा डीबीएंकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे) येतो.

अर्ज ज्याची क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) अडली आहे त्यानेच करायचा. सोबत एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझचा (क्वेरी कशी चालली, किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या कमांडचा) निकाल, टेबलचा आकार, आधीच्या इंडेक्सांची यादी आणि डिस्कवरची मोकळी जागा जोडा. जागा फक्त इंडेक्सपुरती धरू नका, सॉर्टिंगच्या तात्पुरत्या फायलीही तिथेच बसतात. यादी का, तर हवा तो कॉलम कितीदा तरी जुन्या इंडेक्समध्ये पहिला असतो आणि नव्याची गरजच नसते.

मी सगळ्यात आधी बघतो ती सरावाची वेळ. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पूर्ण आकाराच्या प्रतीवर इंडेक्स करून किती वेळ लागला ते लिहा. हजार ओळींवर मोजलेली वेळ असेल तर अर्ज परत येईल.

कमांडच्या रकान्यात ‘क्रिएट इंडेक्स कनकरंटली’ हवं. ‘कनकरंटली’ नसलेल्या साध्या कमांडने वाचन चालू राहतं, पण इन्सर्ट, अपडेट, डिलीट सगळं इंडेक्स पूर्ण होईपर्यंत थांबतं. आधीच्या नोकरीत ऐन दुपारी ऑर्डरच्या टेबलवर कोणीतरी ती चालवली आणि ऑर्डरी घेणं बंद पडलं. फोनवर फोन येत होते, तो दिवस मी विसरलेलो नाही.

कनकरंटली टेबल दोनदा वाचतं, म्हणून वेळ जास्त घेतं. शिवाय जुनी ट्रान्झॅक्शनं (डेटाबेसवर एकगठ्ठा चालणारी कामं) संपायची वाट बघतं. कोणी सकाळी रिपोर्टचं ट्रान्झॅक्शन उघडून तसंच घरी गेलं असेल, तर इंडेक्स तिथेच अडकून बसतो. तेव्हा सुरू करण्याआधी उघडी ट्रान्झॅक्शनं तपासायची जबाबदारी अर्जदाराची. ही कमांड ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, त्यामुळे मायग्रेशन टूलची (टेबलांतले बदल चालवणाऱ्या साधनाची) ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळायची सेटिंग बंद करा. पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) मुख्य टेबलवरही ती चालत नाही, तिथे प्रत्येक पार्टिशनवर वेगळा इंडेक्स करून मग मुख्य टेबलच्या इंडेक्सला जोडावा लागतो.

रोलबॅकचा, म्हणजे बदल मागे घेण्याचा, रकाना रिकामा सोडू नका. काम मध्येच फसलं तर अवैध इंडेक्स मागे राहतो. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण लिहिताना भार मात्र पडतो. तो ड्रॉप करायची कमांड आधीच लिहून ठेवा.

वेग वाढवायचा असेल तर त्या सेशनपुरती मेंटेनन्स वर्क मेम (अशा कामाला मिळणारी मेमरी) वाढवून मागा, मूळ मर्यादा फक्त ६४ एमबी आहे. पोस्टग्रेसच्या आवृत्ती ११ पासून बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचा) इंडेक्स समांतर वर्करवरही (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसवर) बांधता येतो. आवृत्ती १२ पासून काम कुठवर आलं तेही बघता येतं.

मंजुरी शनिवारच्या रात्रीची मिळते, महिनाअखेरीला मिळत नाही. काम संपेपर्यंत अर्जदाराने ऑनलाइन राहायचं. ऑफिसातून बसणार असाल तर ठाण्याची शेवटची लोकल चुकेल हे धरून घरी सांगून या. सोमवारी नवा एक्स्प्लेन जोडला की अर्ज बंद होतो.