१.४४ एमबी: धड ना इकडचा, ना तिकडचा

साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावतात, हे आपण वर्षानुवर्षे घोकत आलो. आकडा मात्र चक्क सरमिसळीचा आहे. हिशेब करून पाहा: ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. दशलक्षाने भागलं तर १.४७ येतात, १०२४ च्या वर्गाने भागलं (संगणकी हिशेबात ‘किलो’ म्हणजे १०२४) तर १.४१. मग १.४४ कुठून आले? आधी १०२४ ने भागून १४४० किलोबाइट काढले आणि पुढे गुपचूप १००० ने भागले!

त्यात ही क्षमता चकतीची नव्हे, फॉरमॅटची, म्हणजे चकतीवर माहिती मांडण्याच्या पद्धतीची. (पीसी जिच्यावर ७२० किलोबाइट बसवी, तसल्याच फ्लॉपीवर अमिगा हा संगणक ८८० बसवत असे.) शिवाय डॉस या पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट सेक्टरने, फॅटने (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) आणि मूळ डिरेक्टरीने आपला वाटा उचलल्यावर फाइलींसाठी उरत १४,५७,६६४ बाइट.