संगणक जुळणी, घरगुती

संगणकाचे सुटे भाग बाजारातून निवडून आणून ते घरच्या घरी एकत्र बसविणे, तसेच वापरातील संगणकातला एखादा भाग काढून त्या जागी अधिक क्षमतेचा भाग घालणे, या दोन्ही कामांना मिळून घरगुती संगणक जुळणी म्हणता येते. बोलताना पहिल्या कामाला ‘असेंबल करणे’ आणि दुसऱ्याला ‘अपग्रेड करणे’ असेच म्हणतात, आणि इंदूरच्या मराठी घरांतही याहून वेगळा शब्द ऐकू येत नाही. लेखी मराठीतील ‘जुळणी’ हा शब्द मात्र येथे विशेष नेमका ठरतो. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळारी स्वतः खिळे ओतीत नसे. ओतलेले खिळे तो जुळवीत असे. घरी संगणक उभा करणारी व्यक्तीही एकही भाग घडवीत नाही. संपूर्ण पेटीला ‘सीपीयू’ म्हणण्याची भारतभर रूढ असलेली सवय शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे, कारण ती संज्ञा आतल्या प्रोसेसरची, म्हणजे गणना करणाऱ्या मुख्य चिपची, आहे. पण दुकानात तीच भाषा चालते.

या प्रथेचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो ‘अल्टेअर ८८००’ या संचापाशी आहे. अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला आणि इंटेलच्या ८०८० प्रोसेसरवर चालणारे हे यंत्र हौशी लोकांनी सुट्या भागांचा संच मागवून घरी उभे केले. दुसरे मत उगम आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाशी जोडते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या या संगणकात प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता, जोडपत्रांसाठी (एक्स्पान्शन कार्डांसाठी) पाच खाचा होत्या, आणि कंपनीने त्याची तांत्रिक पुस्तिका, मंडलांच्या आकृत्या व बायॉस या मूळ आज्ञावलीच्या मजकुरासह, विक्रीस ठेवली होती. त्यामुळे इतरांना सुसंगत भाग बनविणे शक्य झाले. बायॉसवर मात्र स्वामित्वहक्क होता. तो न मोडता तिच्यासारखीच वागणारी नवी आज्ञावली लिहिण्यासाठी एका गटाने मूळ मजकूर वाचून केवळ तिची कामे नोंदवायची आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या नोंदींवरून लेखन करायचे, अशी पद्धत वापरली गेली. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सचा सुसंगत संगणक जून १९८२ मध्ये आला, कॉम्पॅकचा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला; १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने आपली बायॉस इतर उत्पादकांना परवान्यावर देण्यास सुरुवात केल्यावर सुसंगत मदरबोर्ड, म्हणजे इतर सर्व भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, बनविणे हा स्वतंत्र धंदा झाला. अल्टेअरच्या संचात डाख देण्याचे (सोल्डरिंगचे) काम होते आणि सर्व भाग एकाच कंपनीकडून येत. आजच्या जुळणीत डाखकाम नाही आणि भाग पाच-सहा कंपन्यांचे असतात. हे ध्यानी घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी हौसेची परंपरा पहिल्याकडूनच आली असली तरी.

पुढचा टप्पा मापांच्या प्रमाणीकरणाचा होय. आयबीएमच्या १९८४ च्या ‘एटी’ संगणकापासून आलेल्या रचनेत वीजपुरवठ्याच्या दोन सारख्या जोडण्या मदरबोर्डवर शेजारीशेजारी बसत आणि त्यांची अदलाबदल झाल्यास बोर्ड जळे. म्हणून ‘काळ्या तारा मध्ये’ हे सूत्र त्या काळच्या कारागिरांना तोंडपाठ असे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेत उलट बसूच न शकणारी एकच जोडणी आली. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी., तर घरगुती जुळणीत अधिक दिसणारा मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिमी. असतो. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्यांच्या, बाबतीत पट्टीच्या कडेवरील खाचेची जागा हीच राखण आहे : डीडीआर४ व डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २८८ संपर्कबिंदू असूनही खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. बसत नसलेला भाग जोर लावून बसविणे हे नवख्यांकडून होणाऱ्या नुकसानीचे मोठे कारण आहे.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि करारातील वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. सुट्या भागांचे बाजार दिल्लीत नेहरू प्लेस, मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे वाढले. इंदूरमध्ये हे स्थान रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलला आहे, तर जेल रोड परिसर मोबाइल व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी अधिक ओळखला जातो. तीन-चार दुकानांतून कोटेशन लिहून घ्यायचे, घरी येऊन ऑनलाइन किमतींशी ताडून पाहायचे आणि मग प्रोसेसर व मदरबोर्ड एकाच दुकानातून घ्यायचे, अशी साधारण रीत आहे. ती शहाणपणाची आहे, कारण संगणक सुरू न झाल्यास दोष कोणत्या भागात आहे यावरून दोन दुकानदारांत टोलवाटोलवी होत नाही.

प्रत्यक्ष जुळणीचा क्रम सर्वज्ञात आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण मदरबोर्डवरील बैठकीच्या (सॉकेटच्या) खुणेशी जुळवून तो केवळ आपल्या वजनाने बसू द्यावा. एलजीए प्रकारात, म्हणजे इंटेलच्या २००४ नंतरच्या घरगुती बैठकींत आणि एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या २०२२ मधील एएम५ बैठकीत, नाजूक पिना बोर्डावर असतात. एएमडीच्या आधीच्या एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर व त्यावरील उष्णताशोषक यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. चार खाचांच्या बोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत घालतात.

विजेचा प्रश्न मात्र अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. इंदूरच्या रामबाग, नंदलालपुरा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील ज्या घरांचे वायरिंग बदललेले नाही, तेथे तीन पिनांचा सॉकेट दिसला तरी त्यामागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. अशा घरात संगणक चालू असताना कॅबिनेटच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, रंग न दिलेल्या स्क्रूला बोटाची मागची बाजू लावल्यास झिणझिण्या येतात आणि टेस्टरमधील दिवा मंद पेटतो. पुष्कळदा हा एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या डब्याचा, दोष समजून तो बदलला जातो, आणि नव्यानेही तेच होते. कारण एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोहोंपासून कॅबिनेटकडे जाणारे दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसल्यास कॅबिनेट त्यांच्या मधल्या विभवावर, म्हणजे २३० व्होल्टच्या सुमारे निम्म्यावर, तरंगत राहते. वाहणारा प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, परंतु त्या स्थितीत टीव्हीची एचडीएमआय केबल जोडल्यास पोर्ट निकामी होऊ शकतो. माळव्याच्या काळ्या मातीमुळे आणखी एक अडचण येते. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीशी तिचा संपर्क सैल होतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची जुन्या इलेक्ट्रिशियनांची सूचना अंधश्रद्धा नव्हे.

स्थिर विजेचा धोका हिवाळ्यात अधिक, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि अंगात लोकरी स्वेटर असतो. माणसाला सुमारे ३,००० व्होल्टखालील ठिणगी जाणवत नाही, पण काही घटक त्याहून कितीतरी कमी दाबाला बिघडतात. यावर कॅबिनेटला अधूनमधून हात लावण्याचा उपाय सांगितला जातो. तो एसएमपीएसची पिन अर्थिंग असलेल्या सॉकेटात घालून बटण बंद ठेवले तरच पुरा पडतो. एसएमपीएसची निवड लेबलावरील एकूण वॅटवरून करू नये. ‘४५०’ असे ठळक छापलेल्या स्वस्त एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या ओळीपुढे १४ अँपिअर लिहिलेले असल्यास प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला १६८ वॅटच येतात. एसएमपीएस स्वतः उघडणे टाळावे, कारण आतील मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब बटण बंद केल्यावरही काही काळ राहतो.

जुन्या संगणकाच्या सुधारणेत सर्वांत जाणवणारा फरक हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, घातल्याने पडतो. रॅम वाढविणे त्याखालोखाल. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रांत मदरबोर्डसह सर्व बदलावे की लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घालून तेच चालवावे, असा पेच पडतो. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीवर रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसण्याचा घरगुती इलाज बऱ्याचदा लागू पडतो, कारण तेथे बसलेला मळाचा थर निघतो. मात्र रबराचा भुगा खाचेत जाऊ देऊ नये. खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर संगणकाचीही पूजा होते, तेव्हा कुंकवाची पूड पंख्याच्या जाळीपासून दूर ठेवणे बरे.

काढलेल्या भागांपैकी चालू असलेले जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात. बाकीचे ई-कचऱ्यात मोडतात आणि इंदूरमध्ये घरोघरी येणाऱ्या महापालिकेच्या कचरागाडीत त्यासाठी वेगळा कप्पा असतो. हार्ड डिस्क विकण्यापूर्वी नुसती ‘क्विक फॉरमॅट’ केल्याने तीवरील मजकूर जात नाही, फक्त त्याची सूची पुसली जाते. संपूर्ण डिस्कवर एकदा नवा मजकूर लिहून घ्यावा लागतो.