कितीनं जास्त की किती पट? बाळंतिणींच्या मृत्यूंमधली दरी मोजताना

अमेरिकेत कोविडच्या साथीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळंतिणींच्या मृत्यूंमधली दरी वाढली, की होती जवळपास तेवढीच राहिली? एकाच सरकारी तक्त्यावरून ही दोन्ही उत्तरं देता येतात आणि दोन्ही खोटी नाहीत. एक जण वजाबाकी करतो, दुसरा भागाकार. वजाबाकीतून अंतर निघतं, भागाकारातून पट. बातमीत दोन्हींना सरसकट ‘दरी’ म्हणून टाकतात आणि तिथंच घोळ होतो.

कोल्हापुरात ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांना हे पटकन कळेल. एकीनं संस्थेत २ लिटर दूध घातलं, शेजारणीनं ४. शेजारणीचं दूध दुप्पट, पण जास्त फक्त २ लिटर. पुढं ओला चारा मुबलक झाला आणि एकीचं १०, दुसरीचं १५ लिटर भरलं. दुपटीवरून दीडपटीवर आलो, पण अंतर २ वरून ५ लिटरवर गेलं. बिल निघताना पट कुणी विचारत नाही.

आता खरे आकडे. मातामृत्यूचं प्रमाण दर १ लाख जिवंत जन्मांमागं सांगतात. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंध असलेल्या कारणानं बाई गेली, तर तो मृत्यू यात धरतात. अपघात धरत नाहीत. अमेरिकेत २०१९ मध्ये हे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ४४.० होतं, गोऱ्या स्त्रियांमध्ये १७.९. म्हणजे अंतर २६.१ आणि पट साधारण अडीच. २०२१ हे साथीतलं सगळ्यात वाईट वर्ष. तेव्हा हेच आकडे ६९.९ आणि २६.६ झाले. अंतर थेट ४३.३ वर गेलं. पट मात्र २.६, म्हणजे हलली न हलली अशी.

नुसती पट पाहणारा म्हणेल, साथीनं सगळ्यांना सारखंच झोडपलं. गोऱ्या स्त्रियांचं प्रमाणही जवळपास निम्म्यानं वाढलं होतं, हे खरंच आहे. पण जिचा पायाच ४४ चा, तिच्यावर तसाच तडाखा बसला की जास्तीचे मृत्यू कितीतरी अधिक होतात. साथ चालू असताना खाटा, ऑक्सिजन, रक्त कुठं पाठवायचं हे ठरवणाऱ्यानं म्हणून अंतरच पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साथ ओसरल्यावर चित्र उलटं झालं. २०२३ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण ५०.३ आणि गोऱ्या स्त्रियांचं १४.५. अंतर कमी होऊन ३५.८ वर आलं, पट मात्र साडेतीनच्या घरात गेली. गोऱ्या स्त्रिया साथीच्या आधीपेक्षाही सुरक्षित झाल्या, कृष्णवर्णीय स्त्रिया २०१९ च्या पातळीवरही परतल्या नाहीत. सुधारणेचा वाटा कुणाला मिळाला, हे पट सांगते. इथं फक्त अंतर दाखवून ‘दरी घटली’ म्हणणं म्हणजे धूळफेक आहे.

तिसरा गट या दोन्ही मोजमापांना चकवतो. हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या स्त्रियांचं प्रमाण २०१९ मध्ये १२.६ होतं, गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी. २०२१ मध्ये ते २८.० झालं. गोऱ्या स्त्रियांशी अंतर जेमतेम १.४, म्हणून ‘फारशी दरी नाही’ असं वाटेल. पण दोन वर्षांत त्यांचे स्वतःचे मृत्यू दुपटीहून वाढले होते.

मुळात कृष्णवर्णीय स्त्रियांचा पाया इतका उंच का? कातडीच्या रंगानं बाळंतपण अवघड होत नाही. वाढलेला बीपी, हृदयाचे विकार, रक्तस्राव ही कारणं वेळेत हाताळता येतात. पण विमा नसणं, लांबचा दवाखाना आणि ‘त्रास होतोय’ म्हटलं तरी मनावर न घेणं, यात वेळ जातो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्याकडंही घरोघरी होता. गडद कातडीवर तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्याही खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के, तर गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा आढळलं. ते रुग्ण गरोदर स्त्रियाच होत्या असं नाही, पण पट आणि अंतर दोन्ही काढून पाहा.

आपल्याकडं हीच गल्लत राज्यांची तुलना करताना होते. २०१८-२० मध्ये मातामृत्यूचं प्रमाण देशात ९७, महाराष्ट्रात ३३, केरळात १९, आसामात १९५ होतं. केरळच्या पावणेदोन पट म्हटलं की महाराष्ट्र नापास वाटतो, पण अंतर १४ चं आहे. आसामशी अंतर १६२ आहे.

तालुक्यावर आलं की आणखी जपावं लागतं. समजा गगनबावडा किंवा शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यात एका वर्षी १ मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी २. ‘मातामृत्यू दुप्पट’ असा मथळा तयार! त्या दोन्ही मृत्यूंची चौकशी हवीच, रस्त्यापासून रक्तपेढीपर्यंत. मात्र एवढ्याशा आकड्यांवर पट काढू नये. वर दिलेले आपले आकडेही एका वर्षाचे नाहीत, तीन वर्षं एकत्र धरून काढलेले आहेत, ते यासाठीच.