नेलपेंटचं वाळणं आणि ‘जेल’ नावाचा घोळ

घरी नखांवर नक्षी काढताना खरी झटापट होते ती वाळण्याशी. खालचा थर ओला असताना वर ठिपका दिला की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. नेल आर्टमध्ये आजवर जे काही बदल झाले, ते बहुतेक या एका अडचणीभोवतीच फिरलेत.

प्राचीन चीनमध्ये मेण, अंड्याचा पांढरा भाग आणि वनस्पतींचे रंग एकत्र करून नखांना लावत, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण आजच्या बाटलीचं जवळचं नातं आहे मोटारींच्या रंगाशी. 1920च्या दशकात गाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग आले आणि तेच रसायन नखांवर पोचलं. रंग पातळ ठेवणारा द्रावक उडून जातो, मागे पापुद्रा उरतो, एवढाच सगळा प्रकार. सुरुवातीचं नेलपेंट पारदर्शक, गुलाबी काचेसारखं होतं. 1930च्या दशकात अपारदर्शक रंगद्रव्य घातलेल्या बाटल्या आल्या आणि लालवर पांढरं उठून दिसू लागलं. माझ्या मते नेल आर्टची खरी सुरुवात इथून होते. मुळाशी चंद्रकोर मोकळी ठेवून मधला भाग रंगवायची फॅशन त्याच काळातली. ‘फ्रेंच’ म्हणवणारी पांढऱ्या टोकाची पद्धत मात्र 1970च्या दशकात अमेरिकेत रुजली.

मधली वर्षं सोडून थेट 2010च्या आसपास येऊ. व्हिडिओ बघून घरी करून पाहणाऱ्यांची लाट तेव्हाची. नक्षी कोरलेल्या पत्र्यावरून रबरी ठशाने चित्र उचलायचं स्टॅम्पिंग त्याआधीच आलं होतं. घड्याळाच्या तबकड्यांवर आकडे छापायची जी युक्ती, तीच ही. 2011 साली तडे जाणाऱ्या क्रॅकल नेलपेंटचं वेड आलं आणि गेलंही.

पाण्यावर रंगांची नक्षी तरंगवून ती नखावर उचलायचं वॉटर मार्बल मात्र टिकलं, कारण त्याला बाटल्या, पाणी आणि टूथपिक एवढंच लागतं. वाटीत साधं, ना गार ना कोमट, पाणी घ्यायचं. त्यावर एक थेंब सोडला की तो तबकडीसारखा पसरतो. त्याच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा, मग पुन्हा पहिल्याचा. बाहेरचं कडं सेकंदांत वाळतं, त्याला हात लावायचा नाही. आतल्या कड्यातून टूथपिक ओढायची. बोटाला चिकटपट्टी गुंडाळून नख आडवं बुडवायचं आणि वर काढण्याआधी पाण्यावरचा उरलेला पापुद्रा टूथपिकने गोळा करायचा. हे विसरलं की बाहेर येताना नखावर दुसरा थर चिकटतो आणि नक्षी गेली. माझे पहिले कितीतरी प्रयत्न याच एका चुकीत वाया गेले.

आता ‘जेल’. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ‘जेल इफेक्ट’ किंवा ‘जेल शाइन’ लिहिलेली बाटली म्हणजे चकचकीत टॉप कोटवालं साधंच नेलपेंट. ते हवेवर वाळतं, रिमूव्हरने निघतं. खरं जेल वाळतच नाही. अतिनील (यूव्ही) किरणांच्या खास दिव्याखाली त्यातले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि थर कडक होतो. दिव्याखाली घट्ट होणारी जेल 1980च्या दशकापासून होती. पण ब्रशने नेलपेंटसारखी लावायची आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून काढायची बाटली 2010 साली गाजली आणि दिवा घराघरांत शिरला.

वाद तिथूनच. दिवा एका कंपनीचा, बाटली दुसरीची असेल तर थर वरून कडक आणि आत कच्चा राहू शकतो. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की अ‍ॅक्रिलेटची, म्हणजे जेल ज्या द्रव्यांपासून बनते त्यांची, अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ती सहसा जन्मभराची असते. त्याच कुळातली द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, म्हणजे प्रश्न नखांपुरता राहत नाही. यातलं नेहमीचं कारण म्हणजे हेमा (HEMA) हे त्याच कुळातलं एक द्रव्य. 2021 साली युरोपच्या बाजारात हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ असं छापणं बंधनकारक झालं. घरी जेल करणाऱ्यांना थेट लागू होणारा नियम हाच, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही.

गाजावाजा झाला तो 1 सप्टेंबर 2025च्या बंदीचा. ती टीपीओ या एकाच घटकावर आहे; प्रकाश पडताच जेल घट्ट व्हायला लावणारा हा पदार्थ. प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून तो प्रजननाला घातक ठरवला गेला आणि युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाला. अमेरिकेत तशी बंदी आली नाही. नखावरून प्रत्यक्षात किती शरीरात जातं, हा प्रश्न त्या निर्णयात दुय्यम होता, म्हणून विक्रेते चिडले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण टीपीओशिवायची जेल आधीपासून बनत होती. ‘जेलवर बंदी’ अशी बातमी फिरली ती मात्र निव्वळ शब्दाच्या घोळामुळे. जेल इफेक्टच्या बाटलीत टीपीओचं कामच नसतं, कारण तिला दिवा लागत नाही.