आठही दिवे पेटले, तरी वायर खोटी

वायरने जोडलेलं इंटरनेट एकदा टेस्टरने, म्हणजे वायरमधल्या प्रत्येक तारेसाठी एक दिवा पेटवून दाखवणाऱ्या यंत्राने, तपासलं की त्या वायरवर संशय घ्यायचं कारण नाही, असा एक पक्का समज आहे. गोव्यात पेडण्याला मावशीच्या घरी गेलो तेव्हा या समजापायी मावसभाऊ दोन महिने हैराण झालेला होता. तो घरून हिशेबाचं काम करतो. मेल येई, वर्तमानपत्र उघडे, पण मीटिंगला बसला की आवाज तुटायचा आणि चेहरे गोठायचे. पावसाला, राउटरला, कंपनीला शिव्या देऊन झाल्या होत्या. वायर बसवणारा मुलगा दोनदा येऊन टेस्टर लावून गेला. त्याचं एकच म्हणणं, "आठूय दिवे पेटले, वायर बरी आसा."

आधी दोष घरात की घराबाहेर, हे ठरवायला हवं. त्यासाठी कॉम्प्युटरवरून थेट राउटरलाच पिंग करायचं. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते पाहणं; ही हाक माहितीचं एक छोटं पाकीट बनून जाते. विंडोज सहसा 32 बाइटची हाक मारतं. त्या सगळ्या हाकांना ओ आली. मग आकार 1400 बाइट केला, तर दहातल्या दोन-तीन हाका हरवू लागल्या. म्हणजे बाहेरच्या कंपनीचा यात काही संबंधच नव्हता.

लहान पाकीट पोचतं आणि मोठं का हरवतं? प्रत्येक पाकिटाच्या शेवटी 32 बिटांची पडताळणीची बेरीज असते. वाटेत एक बिट, म्हणजे एखादा 0 किंवा 1, जरी बिघडलं तरी बेरीज जुळत नाही आणि पाकीट मुकाट्याने फेकून दिलं जातं. दोन्हींवरचं वेष्टन धरून मोठं पाकीट साधारण अठरापट लांब, म्हणून त्यात बिट बिघडायची शक्यताही तेवढीच जास्त. वेबपान उघडताना हरवलेलं पुन्हा मागवता येतं, उशीर झाला तरी कळत नाही. मीटिंगमध्ये वाट बघायला वेळ नसतो.

आता बिट बिघडतं कशाने? यासाठी वायर सोलून बघावी. आत आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. जोडीतली एक तार पूर्ण रंगाची, दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. प्रत्येक जोडी पीळ देऊन वळलेली. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, 1881 च्या पेटंटमधली. जोडीतल्या एका तारेवर संदेश सरळ जातो, दुसरीवर उलटा: एकीवर +1, दुसरीवर −1. बाजूच्या पंख्याच्या मोटरने दोघींवर 3 एवढा गोंगाट टाकला, तर पलीकडे 4 आणि 2 पोचतात. घेणारा वजाबाकी करतो, उत्तर 2. गोंगाट गायब! मात्र गोंगाट दोघींवर सारखाच पडला तरच हे जमतं. पिळामुळे दर एक-दोन सेंटीमीटरला तारांची जागा बदलते. आता जवळ असलेली लगेच लांब जाते आणि हिशेब बरोबरीत सुटतो. शेजारच्या जोड्यांनी एकमेकींचं बोलणं ऐकू नये म्हणून चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा ठेवतात. मला विचाराल तर वीजशास्त्रात इतकी स्वस्त आणि इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

मावसभावाच्या जुन्या 100 मेगाबिटच्या राउटरला चारच तारा लागतात. प्लगमधल्या आठ जागांपैकी 1-2 ही कॉम्प्युटरची पाठवायची जोडी, 3-6 ही घ्यायची. म्हणून प्लगमध्ये हिरवी जोडी 3 आणि 6 वर जाते, निळी मध्ये 4-5 वर. वायरवाल्याने मात्र सरळ ओळीने जोड्या बसवल्या होत्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर एवढंच पाहतो की 1 ची तार पलीकडे 1 वर निघते का. ती निघते, दिवा पेटतो. पण 3 वर आता पांढरी-हिरवी आणि 6 वर निळी. या दोघींचा एकमेकींभोवती पीळच नाही! गोंगाट वेगवेगळा पडला, वजाबाकी चुकली.

दोन मीटरच्या तुकड्यात असा दोष सहसा खपून जातो. पण हे घर दुरुस्त करताना कुणा वास्तुतज्ज्ञाने राउटर आग्नेयेला हलवायला सांगितला होता. तो वरच्या खोलीतून खाली गेला, वायर पंचवीस मीटरची झाली, आणि संदेश तिथवर पोचेस्तोवर एवढा क्षीण होऊ लागला की गोंगाट वरचढ. नाही म्हणायला, वास्तूचा परिणाम झाला खरा! यावर उपाय म्हणून मावसभाऊ आता सोनेरी प्लगची महागडी वायर मागवणार होता. प्लगच्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा पातळ थर असतोच, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो हवाच. बाहेरच्या चकचकीत टोपणाने काही होत नाही.

दोन्ही टोकं कापली आणि नवे प्लग लावले: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ प्लगच्या अगदी तोंडाशी, 13 मिलिमीटरच्या आतच उलगडला. 1400 बाइटची 200 पाकिटं पाठवली, 200 परत आली. राउटर अजून आग्नेयेलाच आहे.