मान वाढला, दरारा गेला : गोर्बाचोव्ह आणि सोव्हिएत संघाची पत

७ डिसेंबर १९८८. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचोव्ह यांनी जाहीर केलं : सोव्हिएत संघ पाच लाख सैनिक कमी करणार, पूर्व युरोपातून सहा रणगाडा डिव्हिजन मागे घेणार. बदल्यात मागणी काहीच नाही. त्याच दिवशी आर्मेनियात भीषण भूकंप झाला. दौरा अर्धवट टाकून ते परतले आणि मॉस्कोने चक्क अमेरिकेची मदत घेतली.

'चक्क' म्हणायचं कारण जुनं आहे. १९५६ मध्ये हंगेरीत बुडापेस्ट, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात प्राग, दोन्हीकडे सोव्हिएत अंकुश झुगारू पाहणाऱ्यांना मॉस्कोचं उत्तर रणगाड्यांनीच दिलं गेलं होतं. सोव्हिएत गोटात आलेल्या देशाने बाहेर पडायचं नाही, हा आधीचे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या काळातला दंडक. महासत्तेची पत या दरार्‍यावर उभी होती. पण डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात घुसलेलं सैन्य तिथेच रुतलं, आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. दरारा परवडेनासा झाला होता.

मग एकेक गाठ सुटत गेली. अमेरिकेशी झालेल्या १९८७ च्या करारानुसार मध्यम आणि कमी पल्ल्याची १,८४६ क्षेपणास्त्रं सोव्हिएत संघाने मोडीत काढली, अमेरिकेने ८४६. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याचे प्रमुख जनरल बोरिस ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमू दर्या नदीवरचा तेरमेझचा पूल पायी ओलांडून मायदेशी परतले. पलीकडे त्यांचा मुलगा फुलं घेऊन उभा होता. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली तेव्हा पूर्व जर्मनीतलं लाखोंचं सोव्हिएत सैन्य बराकीतच राहिलं.

पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन आणि वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर 'गोर्बी, गोर्बी'चा गजर, १९९० मध्ये शांततेचं नोबेल. मॉस्कोत मात्र दुकानांसमोर रांगा. मला विचाराल तर माघार ही चूक नव्हती, ती अटळच होती. चूक होती ती किंमत ठरवून न घेण्याची. एकत्र जर्मनीने नाटो या अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या लष्करी आघाडीत राहावं, हे गोर्बाचोव्ह यांनी जुलै १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्याशी बोलताना मान्य केलं. जर्मनीतून परतणाऱ्या सैन्यासाठी १२ अब्ज जर्मन मार्क पदरात पडले. नाटो पूर्वेकडे सरकणार नाही, असं मात्र कुठेच लेखी घेतलं नाही. तोंडी बोलण्यांत तसं आश्वासन मिळालं होतं की नाही, हा वाद आजही धुमसतो आहे.

२५ डिसेंबर १९९१ ला क्रेमलिनमध्ये राजीनाम्यावर सही करताना गोर्बाचोव्ह यांचं पेन चालेना. समोर सीएनएन या अमेरिकी वाहिनीचे प्रमुख टॉम जॉन्सन होते. त्यांनी आपलं पेन पुढे केलं.