वाळूची घागर: नायकाचं बळ आणि गोष्टीतली धाकधूक

खानापूर-बेळगावकडची पोरं आता ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघतात आणि तावातावानं वाद घालतात: नायक सगळ्यांना भारी असेल तर गोष्टीत उरलं काय? हा प्रश्न आमच्या भागात फार जुना आहे, आणि त्याचं मला पटलेलं उत्तर सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या कथेत आहे.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून सौंदत्तीकडं जाते. त्या नदीवर रेणुका रोज पहाटे ओल्या वाळूची घागर वळायची, जिवंत नागाची चुंबळ करून डोक्यावर घ्यायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी न्यायची. आज्जी हे सांगताना दोन्ही तळवे हवेत गोल फिरवायची, मग एकदम थांबायची. "मन हललं गा, आणि घागर ढासळली." पाण्यात खेळणारे गंधर्व दिसले, मन ढळलं, वाळू सुटली, नाग निघून गेला. एवढी शक्ती, पण सगळी एकाग्रतेवर उभी. म्हणून नुसतं पाणी आणण्याचा प्रसंगही जीव मुठीत धरून ऐकायचा. पुढं परशुराम येतो. त्याच्या बळाला तोड नाही, तरी वडील आईचं शिर उडवायला सांगतात तेव्हा ते बळ त्याला पेचातून सोडवत नाही. आई परत मिळते ती वर मागून.

महाभारतातही हीच रीत. ऐनवेळी विद्या आठवणार नाही, हा शाप कर्णाला याच परशुरामाचा.

सुरुवातीच्या छापील मराठी कादंबऱ्यांत 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य वळणाच्या बऱ्याच होत्या. तिथं सद्गुण हेच नायक-नायिकेचं कवच, त्यामुळं संकटं कितीही आली तरी त्यांची काळजी फारशी वाटत नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटकावर निबंध लिहून या अवास्तव वळणावर टीका केली.

अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन आला तेव्हा तो उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. बळ वाढत गेलं आणि १९४३ साली रेडिओ मालिकेत त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट नावाचा दगड आला. युक्ती चांगलीच, पण मला रेणुकेची कथा सरस वाटते. दगड दूर फेकता येतो, मन रोज बरोबर घेऊनच नदीवर जावं लागतं.

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला यल्लम्माचा डोंगर भंडाऱ्यानं पिवळा होतो. चौंडकं या वाद्यावर ही कथा चालू असते. घागर ढासळणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतं, तरी तिथवर आलं की बाया पोरांना गप्प बसवतात.